ताईच्या भिंतीखाली

माझ्या मावशीला घरांचे दलाल पाठीमागे टकटकबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं. एका नवख्या दलालाने फोनवर "कोण बोलतंय?" असं जरा गुर्मीत विचारलं, तेव्हा ती शांतपणे "टकटकबाई" म्हणाली आणि पलीकडचा माणूस गार पडला. घर बघायला गेली की ती बोटाच्या पेरांनी भिंती वाजवत फिरायची. गिलावा विटेला धरून असला की एक आवाज येतो आणि सुटला असला की दुसरा, असं ती सांगे. मला आजतागायत दोन्ही सारखेच ऐकू येतात.

जुनी घरं विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची, हा तिचा धंदा. एका वेळी एकच घर, आणि काम संपेपर्यंत मुक्काम त्याच घरात. एका कोपऱ्यात सिमेंटची पोती, दुसऱ्या कोपऱ्यात तिची कॉट, खिडकीच्या कट्ट्यावर स्टोव्ह. घर राहण्याजोगं झालं, नळाला नीट पाणी यायला लागलं, की गिऱ्हाईक यायचं आणि मावशी कॉट उचलून पुढच्या पडक्या घरात जायची. लहानपणी मी आणि दादा सुट्टीत तिच्याकडे जायचो तेव्हा बाथरूम कुठे आहे हे दर वर्षी नव्याने विचारावं लागे. लोक म्हणायचे, बाई पैशाच्या मागे आहे. माझं मत वेगळं होतं. रिकाम्या घरात शिरायची तिला सवय लागली होती. भरल्या घरात गेली की ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसायची.

हे सगळं काकांमुळे, म्हणजे मावशीच्या नवऱ्यामुळे. काका बांधकामावर सुपरवायझर होते. लग्नानंतर फिरायला म्हणून ते तिला साइटवर न्यायचे. "बाकीचे बायकोला बागेत नेतात, आमचे हे मला खड्डे दाखवायचे," असं ती हसत सांगे. पायाचा खड्डा उघडा असतो तेव्हाच काय ते बघून घ्यायचं, एकदा बुजवला की बांधणाऱ्याच्या शब्दावर राहायचं, हे काकांचं म्हणणं. काका ऐन उमेदीत, थोड्याशा आजारात गेले. मूलबाळ नव्हतं. ज्या घरात दोघं राहिले तिथे तिला एकटीला झोप येईना. तिने ते विकलं आणि कोणी हात लावत नव्हतं असं एक घर घेतलं, आणि तिथून हा सिलसिला सुरू झाला.

पुढे मी नोकरीला लागले, चार पैसे साठले आणि भाड्याने द्यायला एखादं घर घ्यावं असं मनात आलं, तेव्हा मावशीने माझा वर्गच घेतला. मी फरशी बघत होते, किचनचा ओटा बघत होते, गॅलरीतून काय दिसतं ते बघत होते. तिने दंडाला धरून मला बाहेर काढलं. आधी घराभोवती चक्कर मार, म्हणाली. छपराचं पाणी कुठे पडतं बघ. जमिनीचा उतार घरापासून दूर जातोय की घराकडेच येतोय? मोठं झाड किती जवळ आहे? घरमालकाला नाही, शेजारच्या म्हातारीला विचार, की इथे पूर्वी काय होतं. तळं बुजवून वर भराव टाकला असेल तर घर बसणार. खाली काळी माती असेल तर ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते, म्हणजे घर दर वर्षी थोडं वर जाणार आणि थोडं खाली येणार. मग आत जा. दारं उघडून मिटून बघ. एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर मालकाला विचार, बाकीच्या भिंतींनी काय घोडं मारलं होतं.

भेगांचा तर तिचा स्वतंत्र अभ्यास होता. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांकडे ती ढुंकून बघायची नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी भेग दिसली की मात्र थांबायची. मेलेली भेग आणि जिवंत भेग, असे तिचे शब्द. कधीकाळी घर एकदा बसलं आणि स्थिरावलं, त्या वेळची खूण म्हणजे मेलेली भेग. ती बुजवून रंग दिला की संपलं. जिवंत भेगेखाली मात्र काहीतरी अजून चालू असतं. ओळखायचं कसं, तर भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवायची. काच तडकली की भेग जिवंत. छप्पर गळलं तर वरून नीट करता येतं, रंग परत देता येतो, पायाला मात्र घराखाली शिरावं लागतं आणि तेवढा वेळ घर उचलून बाजूला ठेवता येत नाही. बाकीचे लोक भेग दिसली की पळायचे. मावशीची सगळी कमाई त्या पळणाऱ्यांच्या जिवावर होती, कारण कुठल्या भेगेपासून पळायची गरज नाही हे तिला कळायचं.

आणि इथे माझी आई येते. आई मोठी, मावशी धाकटी. काका गेल्यावर घरं बघायला जाताना मावशी आईला सोबत न्यायची. आधी नुसती सोबत, मग त्या दोघींचं एक नाटकच बसलं. मावशी भिंती वाजवत फिरायची, एखाद्या भेगेपाशी थबकायची, हात ठेवायची आणि तोंडाने "च्च" करायची. पुढे एक शब्द नाही. मालक खुलासे द्यायला लागला की आईने तोंड उघडायचं: "चल ग, नको आपल्याला हे घर. जिवापेक्षा जास्त आहे का?" मालक मागे धावायचा. भेग बहुतेक वेळा मेलेलीच असायची. रस्त्याच्या वळणापर्यंत दोघी गंभीर चेहऱ्याने चालायच्या आणि वळण आलं की पोट धरधरून हसायच्या. आईने एकदा ते वाक्य इतकं मनापासून म्हटलं की मावशीच घाबरली आणि चांगलं घर सोडून आली. बाबांच्या शिस्तीच्या संसारात आईला एवढीच मौज होती. त्या दिवशी घरी आली की ती गाणं गुणगुणत स्वयंपाक करायची.

बाबा गेल्यावर आई त्या घरात एकटी राहिली. दादा दुसऱ्या शहरात, मी लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला. एका दुपारी मावशी आणि मी दोघी तिच्याकडे होतो. चहा झाला, मावशी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेली. मागच्या कोपऱ्यात खिडकीखालून एक भेग पायऱ्या-पायऱ्यांनी जमिनीपर्यंत उतरली होती. मागचं दारही फरशीला घासत होतं. मावशीने भेगेवर हात ठेवला आणि तिच्या तोंडून "च्च" निघालं. मुद्दाम नाही, मी शेजारीच उभी होते, ते आपसूक निघालं. ओट्यापाशी आई वळली. आधी तिला चेष्टाच वाटली आणि ती हसली. मावशी हसली नाही. कोपरा खाली जातोय, म्हणाली, खाली कुठूनतरी पाणी येतंय, ही जिवंत आहे. आणि मग नको ते बोलली. तू काही दिवस माझ्याकडे चल, नाहीतर हे घर मला दे, मी नीट करते, तू दुसरं चांगलं बघ.

आईचा चेहरा उतरला. "मलाही?" ती म्हणाली.

"काय मलाही?"

"च्च. मलाही करतेस?"

मावशी समजवायला लागली. पण ती जितकं समजावत होती तितकं ते घरमालकांना सांगायची तसंच ऐकू येत होतं, कारण शब्द तेच होते, त्याला दुसरे शब्दच नाहीत. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुढचं वाक्य माझं असायचं. या वेळी ते कोणाला म्हणायला लावणार आहेस? हिला?" आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मावशीने पिशवी उचलली आणि गेली. त्या दिवसापासून दोघींचा अबोला सुरू झाला.

मी आईला म्हटलं, एखादा इंजिनियर बोलावून दाखव. आईचं उत्तर तयार होतं, तो तुझ्या मावशीच्याच ओळखीचा निघेल. दादा फोनवर म्हणाला, जुन्या घराला भेगा असायच्याच. आईने भेग बुजवून घेतली आणि वर रंग मारला. काही महिन्यांत रंग फाटून भेग पुन्हा वर आली. तेव्हा आईने तिच्यावर कॅलेंडर लावलं.

पाणी येत होतं शेजाऱ्याकडून, हे मावशीने बाहेरून चक्कर मारून ताडलं. आईच्या घराला लागूनच त्याचं घर. पुढच्या बाजूला दोन्ही घरांची भिंत एकच. मागे शेजाऱ्याचं घर आखूड, तिथे त्याचं मोकळं परसू, आणि आईच्या स्वयंपाकघराची एक भिंत थेट त्या परसाच्या कडेला उभी. त्या भिंतीला धरून जमिनीखालून त्याच्या बाथरूमचा पाइप जात होता. शेजारी म्हणजे निवृत्त ड्रायव्हर, माणूस वाईट नव्हता. मावशी त्याच्याकडे जाऊन परसू खणायची परवानगी मागून आली. तो म्हणाला, माझ्या घराला एक चरा नाही, मी माझं अंगण का उखडून घेऊ? त्याचंही चुकलं नाही. फारच वाटत असेल तर घरच घ्या की, असं तो थट्टेत म्हणाला, आणि जी किंमत बोलला ती ऐकून कुठलाही दलाल उठून गेला असता.

मावशीने ते घर घेतलं. एकही भिंत न वाजवता, तो म्हणेल त्या भावाला. त्यासाठी ज्या घरात तिचं काम अर्धवट चाललं होतं ते तिने तसंच, नुकसानीत विकून टाकलं. टकटकबाई म्हातारी झाली, असं दलाल म्हणायला लागले. मीही भडकले होते. म्हटलं, स्वतःचे सगळे नियम पाण्यात घातलेस, म्हातारपणी काय खाणार आहेस? तर म्हणाली, घर तसं वाईट नाही ग, उजेड जरा कमी आहे.

टेम्पोतून मावशीची कॉट शेजारी उतरताना आईने पाहिली आणि त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. मला म्हणाली, आता भिंतीला भिंत लावून बसली, उद्या मधली भिंत पाडू म्हणेल.

खणायला मावशीने जुन्या ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. त्याने रीतसर विचारलं, दुसऱ्याच्या भिंतीखाली जायचं तर मालकाची परवानगी आहे ना? मावशी म्हणाली, माझ्या सख्ख्या बहिणीचं घर आहे. ते खरंच होतं, आणि गवंड्याने पुढे काही विचारलं नाही. पाइपचा सांधा निखळलेला सापडला. कित्येक वर्षांचं पाणी पायाखाली मुरून तिथे नुसता चिखल झाला होता. आधी पाइप बदलला, मग पाया. असं काम घाईने होत नाही. भिंतीखाली एका वेळी दोन हात लांबीचाच खड्डा घ्यायचा, घट्ट जमीन लागेपर्यंत खाली जायचं, तो काँक्रीटने भरायचा, वर जुन्या दगडी पायापर्यंत राहिलेली फट सिमेंट-वाळूचा कोरडा माल ठासून बंद करायची, आणि तो सुकला की मगच पुढचा, तोही लगतचा नाही, थोडं अंतर सोडून. सगळी भिंत एकदम उघडी केली तर घर अंगावर येतं. मावशी दिवसभर खड्ड्याच्या कडेला घडीचं स्टूल टाकून बसायची. गवंडी वैतागला होता. आपल्यावर अशी नजर सासूनेही ठेवली नव्हती, असं तो मला म्हणाला.

आई स्वयंपाकघरात उभी राहून पायाखालचे घाव ऐकत होती. ही माझं घर पाडायला निघाली, अशी तिने नगरपालिकेत तक्रार केली. तिथला माणूस आला, खड्ड्यात उतरला, सगळं पाहिलं आणि आईला सांगून गेला की काम चोख आहे, तुमची भिंत भक्कम होतेय. आई म्हणाली, होणारच, तिला माझ्या भिंतीला टेकवून परसात खोली काढायची आहे. मी हात जोडून सगळं सांगितलं, पाइपचं, चिखलाचं, घर किती महाग पडलं त्याचं. आईने ते ऐकलं. मग म्हणाली, तू तिचीच बाजू घेणार, तिच्यामागे सगळं तुलाच मिळणार आहे ना. ते मला इतकं लागलं की पुढे बरेच दिवस मी आईकडे फिरकले नाही. मी रागीट आहेच, पण त्या वेळी माझा राग बरोबर होता असं मला अजून वाटतं.

मावशीकडे मात्र जात राहिले. तिने कॉट पुढच्या खोलीत, मधल्या भिंतीला चिकटून टाकली होती. त्या भिंतीतून आईचा रेडिओ ऐकू यायचा, नळ ऐकू यायचा, रात्री दिव्याचं बटण बंद केलेलंही कळायचं म्हणे. मी बसले की मावशी विचारायची, ताईला खोकला झालाय का, कालपासून येतोय. कधी म्हणायची, आज उशिरा उठली, बरी आहे ना? एकदा मी म्हटलं, दोन पावलांवर दार आहे, जाऊन विचार की. तर म्हणाली, "जाऊन काय सांगू? मी जे सांगणार ते सगळं तिला आधीपासून पाठ आहे." मी आईला गमतीने विचारलं होतं, तुला तिकडून काय ऐकू येतं? आई म्हणाली, काहीच नाही, तिथे माणूस राहतं की नाही कोण जाणे.

काम संपलं. खड्डे बुजले, परसू पुन्हा सपाट झालं. खोली काही उभी राहिली नाही. मावशीने माझ्या हातात काचेची एक पट्टी दिली, आणि आई आंघोळीला गेली असताना मी ती कॅलेंडरमागे भेगेवर चिकटवली. पाऊस येऊन गेला, उन्हाळा गेला. दर खेपेला मी कॅलेंडर उचलून बघायची आणि जाताना मावशीला सांगायची, अखंड आहे. ती मान हलवून दुसऱ्या विषयावर जायची. एक दिवस आईने स्वयंपाकघर रंगवायला घेतलं, ती काच सापडली, आणि कोणी लावली हे न विचारता तिने ती खरवडून फेकली. भेग बुजवली. ती परत आली नाही. पुढे कितीतरी दिवसांनी आई मला त्या कोपऱ्यात उभी करून म्हणाली, "बघ. झालं काही घराला? उगाच घाबरवत होती."

मला रडूच यायचं बाकी होतं. काम बिघडलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं. ते चांगलं झालं होतं, म्हणून दाखवायला काहीच नव्हतं, आणि भिंत जितकी धड राहिली तितकी मावशी खोटी ठरत गेली. मावशीला मी हे सांगितलं नाही. पण मधल्या भिंतीतून रेडिओ ऐकू येत असेल तर हेही ऐकू आलं असेल.

मग दादाने मनावर घेतलं. आईने आता एकटीने राहू नये, आपल्याकडे यावं, असं तो बरेच दिवस म्हणत होता. त्याने गिऱ्हाईक शोधलं आणि आईने होकार दिला. गिऱ्हाईक शहाणं होतं. सौदा ठरवण्याआधी त्याने आपला इंजिनियर पाठवला. इंजिनियरने सगळं घर पाहिलं आणि म्हणाला, मागच्या बाजूला पाया बघायचा आहे, एक लहान खड्डा घेऊ. स्वयंपाकघराची दुसरी भिंत आईच्याच मागच्या मोकळ्या जागेकडे होती, तिथे मजुराने खणलं. मी आणि आई दारात उभ्या होतो. जुना दगडी पाया दिसला, आणि त्याच्याखाली करकरीत काँक्रीट.

इंजिनियरने आईला विचारलं, हे कधी करून घेतलंत? आई म्हणाली, मी काही केलेलं नाही, शेजारणीने तिच्या बाजूला काहीतरी केलं होतं. तो बॅटरी घेऊन खड्ड्यात वाकला, बराच वेळ बघत राहिला. मग वर येऊन हात झटकत म्हणाला, "हे तिच्या बाजूपुरतं नाहीये. तिकडून सुरू होऊन, आतल्या आत बोगद्यासारखं खणत, कोपरा वळून इथपर्यंत आलंय, तुमच्या मागच्या दारापलीकडे. एवढ्या आत यायचं तिला काही कारणच नव्हतं. इथे तिचं काहीच नाही."

आईने विचारलं, हे केलं नसतं तर? तो म्हणाला, कोपरा बसला असता, वरची खोली घेऊन. आणि घर उत्तम आहे असं गिऱ्हाइकाला सांगायला फोन लावत तो पुढे गेला.

आई खड्ड्याकडे बघत मागच्या पायरीवर बसली. थोड्या वेळाने ती उठली, तोंड धुतलं, केस नीट केले आणि पुढच्या दाराने निघाली. मी मागोमाग गेले. मावशी राहायला आल्यापासून आईने ते दार एकदाही वाजवलं नव्हतं.

मावशीने दार उघडलं आणि बाजूला झाली. आई आत आली आणि तिथेच थांबली. मला त्या घराची सवय झाली होती, म्हणून मी ते आईच्या नजरेने कधी पाहिलंच नव्हतं. गिलावा कमरेपर्यंत ओल येऊन फुगला होता, त्यावर क्षाराचा पांढरा लोणा. फरश्या हलत होत्या. खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा होता. आयुष्यभर लोकांची घरं नीट करून दिलेल्या बाईने या घराला थापीसुद्धा लावली नव्हती. लावायला पैसेच उरले नव्हते.

"हे काय ग?" आई म्हणाली.

"करायचं राहिलंय."

आई कॉटवर बसली. कॉट भिंतीला लागून होती आणि भिंतीपलीकडे आईचा रेडिओ चालूच राहिला होता, शब्द न् शब्द ऐकू येत होता. आईने भिंतीकडे पाहिलं, मग उशीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"सांगायचंस ना," ती म्हणाली.

"सांगितलं होतं."

"एकदा सांगून गप्प बसतात का? मी नव्हते ऐकत, तर परत सांगायचंस. भांडायचंस माझ्याशी."

मावशी पाणी आणायला गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. आई म्हणाली, घर विकायचं ठरतंय. मावशी म्हणाली, कळलं, गिऱ्हाईक चांगलं आहे, भाव सोडू नकोस. मग आईने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"अजून सही झालेली नाही," आई म्हणाली. "तू नको म्हण. तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार."

मी दाराशी उभी होते. मावशीच्या तोंडाकडे बघत मनात म्हणत होते, म्हण, बाई, एवढं एकदा म्हण. मावशी खाली बघत होती. तिचा अंगठा आईच्या हातावरून फिरत होता.

"विक," ती म्हणाली. "मुलाकडे जा. आता एकटीने राहायचं वय नाही तुझं."

आईने आणखी थोडी वाट पाहिली. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, बरं. निघेपर्यंतचे सगळे दिवस दोघी एकत्र होत्या. मावशीने आईचं सामान बांधलं, कपाटं रिकामी केली. जुन्या घरमालकांच्या गोष्टी काढून दोघी हसायच्या, आणि हसताना मधेच एकजण गप्प व्हायची. गाडी सुटली तेव्हा मावशी हात न हलवता फाटकाशी उभी होती.

नवे लोक राहायला आल्यावर मी तिला भेटायला गेले. पलीकडे फर्निचर सरकवल्याचे आवाज चालले होते, कोणीतरी खिळे ठोकत होतं. मी विचारायचं नाही असं ठरवून गेले होते आणि पहिल्याच घोटाला विचारलं, की तू विक का म्हणालीस?

मावशीने कप खाली ठेवला. म्हणाली, "तिला नुकतंच पटलं होतं की मला त्या घरातलं काही नको होतं. त्याच क्षणी मी काहीतरी मागायचं?" मग भिंतीकडे बघत म्हणाली, "पाया तसाच सोडला असता तर त्या घराला गिऱ्हाईक आलं नसतं. ताई इथेच राहिली असती."

"मग केलंस त्याचा पस्तावा होतोय?"

"कामाचा नाही ग," ती म्हणाली. "विक म्हणाले, त्याचा होतोय. रोज होतोय."

मी म्हटलं, आत्ता फोन लावते, हे तू तिला सांग. तिने मान हलवली. पलीकडे एक लहान मूल खोलीतून खोलीत धावत होतं आणि त्याची आई त्याला ओरडत होती. मावशी ते थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने मला विचारलं, दादाकडे ताईला कुठली खोली दिली आहे, आणि तिथे सकाळचं ऊन येतं का. मी ती खोली अजून पाहिली नव्हती. येतं, म्हटलं.